वादळापूर्वीची तयारी : ओडिशाचा किनारा आणि कोकणची खारभूमी

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीप बंदरानजीक जे महाचक्रीवादळ चढून आले, त्यातील वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात गेला होता. वाऱ्यापाठोपाठ समुद्र उठला आणि पाच ते सहा मीटर उंचीची लाट सपाट भातखाचरांवरून कित्येक किलोमीटर आत शिरली. वादळे सामान्यतः भूमीवर आल्यावर पुढे सरकतात आणि विरतात. हे वादळ मात्र किनाऱ्यालगतच रेंगाळले आणि पाऊस ओतीत राहिले. सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होती आणि त्या जिल्ह्यातही एरसमा विकासगटावर सर्वांत कठोर आघात झाला. चार लाखांहून अधिक गुरेढोरे दगावली. दाणा भरण्याच्या अवस्थेतील भात लक्षावधी हेक्टरांवर आडवे झाले, आणि जेथे खारे पाणी आले तेथे पुढील हंगामाची आशाही त्याबरोबर बुडाली.

याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरजवळ ‘फायलीन’ हे चक्रीवादळ आले. त्याचा वेगही ताशी २०० किलोमीटरहून अधिक होता. या खेपेस वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले, आणि वादळ व त्यामागून आलेला पूर हे दोन्ही जमेस धरूनही मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. दोन वादळे सर्वस्वी सारखी नव्हती, १९९९ चे अधिक उग्र होते, हे मान्य केले तरी दहा हजार आणि पन्नास यांतील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने उलगडत नाही. ते अंतर मधल्या चौदा वर्षांत माणसांनी निर्माण केले. ते कसे केले, हे कृषिजीवनाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने, विशेषतः समुद्रकाठच्या व नदीकाठच्या शेतकऱ्याने, समजून घेण्यासारखे आहे.

इशारा होता, पण वाट नव्हती

१९९९ साली वेधशाळेने इशारा दिलाच नव्हता, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. वादळ येत असल्याची सूचना आकाशवाणीवरून प्रसृत झाली होती. परंतु सूचना ऐकून माणसाने जावे कोठे? त्या वेळी साऱ्या ओडिशा किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेली अवघी २३ चक्रीवादळ निवारागृहे होती. ज्यांना ती जवळ पडली अशी हजारो माणसे त्यांत वाचली. इतरांना घरातच थांबावे लागले, आणि घरे बहुतांशी मातीच्या भिंतींची व पेंढ्याच्या छपरांची होती. शिवाय त्याच महिन्याच्या १७ तारखेच्या रात्री एक वादळ दक्षिणेकडे गंजाम भागात येऊन गेले होते. तेव्हा आता पुन्हा इतक्यात काय येणार, असे पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. आणि गोठ्यातील जनावरे, कणगीतील धान्य, मासेमारीची जाळी टाकून जाण्यास मन घेत नव्हते, ते निराळेच. सूचना मिळूनही लोक हलले नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. ज्याच्या संसाराची सर्व पुंजी दोन बैल आणि एक गाय एवढीच आहे, त्याने ती सोडून चार कोस चालत जावे अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी त्या पुंजीची व्यवस्था काय, याचे उत्तर दिले पाहिजे.

वादळानंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९९९ मध्ये, ओडिशा शासनाने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण स्थापन केले. देशातील ही अशी पहिलीच संस्था. संपूर्ण देशासाठी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ साली, झाला व त्यान्वये राष्ट्रीय प्राधिकरण आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वात आले. या दलाची एक तुकडी पुण्याजवळ तैनात असून महाराष्ट्रातील महापुरांत व दरडी कोसळण्याच्या घटनांत तिने केलेले काम येथील वाचकांच्या परिचयाचे आहे. तथापि दल कितीही तत्पर असले तरी ते येऊन पोहोचेपर्यंतचे तास गावाचे स्वतःचे असतात. ओडिशाच्या योजनेत या तासांचा विचार प्रथम झाला.

किनाऱ्यावर आज आठशेंहून अधिक बहुउद्देशीय निवारागृहे उभी आहेत. ती काँक्रीटच्या खांबांवर उंच उचललेली असतात, म्हणजे लाट खालून निघून जाते. वर्षातील बहुतेक दिवस त्यांत शाळा भरते, सभा होतात, लग्नकार्येही होतात. ही गोष्ट क्षुल्लक नाही. केवळ वादळासाठी बांधलेली व एरवी कुलूप लावून ठेवलेली इमारत दहा वर्षांत मोडकळीस येते आणि ऐन प्रसंगी किल्ली सापडत नाही. जेथे मुले रोज बसतात तेथील दार, छप्पर, पाण्याचा पंप आणि शौचालय यांच्याकडे गावाचे लक्ष राहते. प्रत्येक निवारागृहाची देखभाल स्थानिक समितीकडे असते. पडलेली झाडे कापण्याची यंत्रकरवत, वीजजनित्र, प्रथमोपचाराचे साहित्य तेथेच ठेवलेले असते आणि गावातील तरुणांना ते वापरण्याचे शिक्षण दिलेले असते. २०१८ पासून किनाऱ्यालगत १२२ मनोऱ्यांवर भोंगे बसविलेले आहेत, त्यामुळे रेडिओ बंद असला वा भ्रमणध्वनीची विद्युत्घटी संपली तरी इशारा कानी पडतो. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस तेथे आपत्ती-सज्जता दिन म्हणून पाळतात. जगतसिंहपूर जिल्ह्यातील नोलियासाही आणि गंजाम जिल्ह्यातील वेंकटरायपूर या दोन गावांना २०२० साली युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने ‘त्सुनामीसाठी सज्ज’ अशी मान्यता दिली. एकेकाळी ज्या जिल्ह्यात सर्वाधिक माणसे गेली, त्यातीलच एक गाव या यादीत आहे.

वेधशाळेच्या इशाऱ्यांची पद्धतही १९९९ नंतर अधिक स्पष्ट झाली. ती चार टप्प्यांची आहे. किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्यापूर्वी ७२ तास ‘पूर्वसूचना’, ४८ तास आधी ‘सावधानतेचा इशारा’, २४ तास आधी ‘वादळाचा इशारा’, आणि वादळ भूमीवर येण्यापूर्वी सुमारे १२ तास ‘भूमीवर आल्यानंतरचा अंदाज’. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील पहिले दोन टप्पे सर्वांत मोलाचे होत. तीन दिवसांत पिकलेले भात कापून आणता येते, उडवी रचता येते, नारळ उतरविता येतात, पंप काढून आणता येतो. शेवटच्या बारा तासांत फक्त माणसे आणि जनावरे हलवावयाची असतात. पुष्कळदा घडते ते याच्या उलट: पहिले दोन दिवस आकाशाकडे पाहण्यात जातात आणि शेवटच्या घटकेला धांदल उडते.

गुरांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ओडिशाच्या पूर्वेस बांगलादेशाकडे पाहावे लागते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, तो प्रदेश पूर्व पाकिस्तान असताना, भोला भागात आलेल्या वादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. इतकी प्राणहानी करणारे दुसरे चक्रीवादळ ज्ञात इतिहासात नाही. १९७१ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाने पुढच्याच वर्षी चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम हाती घेतला. गावोगावचे स्वयंसेवक सायकलवरून, कर्णे व निशाणे घेऊन, घराघरापर्यंत इशारा पोहोचवू लागले. तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार लोक दगावले. निवारागृहे अपुरी होती आणि मृतांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. परक्या पुरुषांच्या गर्दीत, स्वतंत्र जागा नसलेल्या इमारतीत मुलाबाळांसह जाण्यास त्या कचरल्या, हे त्याचे एक कारण. यावरून बोध घेऊन निवारागृहांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या व स्वयंसेवकांत स्त्रियांची भरती वाढली. आज तेथील पाऊण लाखाहून अधिक स्वयंसेवकांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. १५ नोव्हेंबर २००७ रोजी ‘सिद्र’ हे अत्युग्र वादळ आले तेव्हा मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. ती थोडी नव्हे, पण १९७० व १९९१ शी तुलना करता तिचा अर्थ कळतो.

गुरांसाठी त्या देशाने एक साधी युक्ती योजिली. गावालगत मातीचा भराव घालून विस्तीर्ण उंचवटा तयार करावयाचा, त्याच्या कडांवर गवत व झाडे लावावयाची, आणि वादळाची सूचना मिळताच गावची जनावरे त्यावर नेऊन सोडावयाची. या उंचवट्यांना तेथे ‘किल्ला’ असेच म्हणतात. महाराष्ट्रीय वाचकाला या नावाचे कौतुक वाटेल. आपले किल्ले शत्रूसाठी बांधले गेले, हे पाण्यासाठी. त्यास सिमेंट लागत नाही, लोखंड लागत नाही. माती, मजुरी आणि गावाची समाईक जमीन लागते. कालव्याच्या वा तळ्याच्या खोदाईची माती जवळ असली तर खर्च आणखी कमी होतो.

ही गोष्ट केवळ समुद्रकाठची नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांना महापूर आला तेव्हा सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत लाखो लोकांचे स्थलांतर करावे लागले. त्या दिवसांत अनेक गोठ्यांतून शेतकरी म्हशी सोडून निघण्यास तयार नव्हते, आणि त्यांची समजूत घालण्यात मोलाचे तास गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून घेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. २००५ साली याच नद्यांनी तोच परिसर बुडविला होता आणि २०२१ साली पुन्हा पाणी चढले. ज्या गावाला पाणी कोठपर्यंत येते हे भिंतीवरील खुणांवरून ठाऊक आहे, त्या गावाने जनावरांचा उंच तळ, तेथे जाण्याची वाट, तेथील चारा व पाणी आणि कोणाच्या गोठ्यात किती जनावरे याची यादी उन्हाळ्यातच सिद्ध ठेवणे अवघड नाही. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचावयाची असते. शेकडो जनावरे एका ठिकाणी आली म्हणजे न टोचलेले एक जनावर साऱ्यांना घातक ठरते. आणि सर्वांत सोपी, तरीही सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट: काहीच शक्य नसेल तर निदान दावे सोडावे. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, दाव्याला बांधलेले जागीच बुडते.

धळपुटियाची गोष्ट

माणसे वाचली, गुरे वाचली. पण पाणी ओसरल्यावर शेतात काय उरले? भाताचे रोप पाण्यात वाढते म्हणून ते पाण्याखाली जगते, असा भ्रम असतो. रोप पूर्ण बुडाले म्हणजे श्वासासाठी ते वर येण्याची धडपड करते, देठ भराभर लांबविते, साठविलेले अन्न खर्च करते, आणि पाणी उतरेपर्यंत दुबळे होऊन कोलमडते. आठवडाभराच्या बुडितात बहुतेक जाती जातात.

ओडिशातील शेतकऱ्यांकडे ‘धळपुटिया’ नावाचे एक जुने भात होते. त्याचे उत्पन्न बेताचे, पण पुरात ते तगून राही. कटक येथे १९४६ साली केंद्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली; धळपुटियातून निवडलेला शुद्ध वाण ‘एफआर १३ए’ या नावाने संशोधकांच्या संग्रही राहिला. हे रोप पाण्याखाली गेले म्हणजे धडपड करीतच नाही. वाढ थांबवून, अन्न राखून, ते स्वस्थ बसते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. या स्वभावामागील ‘सब-१’ नावाचा आनुवंशिक घटक संशोधकांनी शोधून काढला व २००६ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तो ‘स्वर्णा’ या पूर्व भारतात अतिशय लोकप्रिय असलेल्या जातीत संकराने उतरविण्यात आला. अशा रीतीने तयार झालेली ‘स्वर्णा-सब१’ ही जात २००९ साली भारतात प्रसारित झाली. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ती सावरते, आणि पूर आलाच नाही तर स्वर्णाइतकेच उत्पन्न देते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा गुण पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी उरलेली नऊ वर्षे कमी उत्पन्न सोसण्यास कोणी तयार होत नाही, आणि होऊही नये.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कमी उत्पन्नाचे म्हणून टाकून दिले गेले असते तर धळपुटिया केव्हाच नाहीसे झाले असते. कोकणातील खाजणांत, घाटमाथ्यावर, पूर्व विदर्भातील तळ्यांच्या काठी अशी कितीतरी जुनी भाते अद्याप काही घरांतून मूठमूठ राखली जात आहेत. त्यांतील कोणत्या वाणात कोणता गुण दडला आहे, हे त्यांचे नमुने संशोधन केंद्रांकडे पोहोचल्याखेरीज कळणार नाही.

ओडिशाच्या यशाला एक मर्यादाही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ हे चक्रीवादळ आले. त्यापूर्वी सुमारे बारा लाख लोक हलविले गेले व मृतांची संख्या ६४ वर थांबली. परंतु पुरी जिल्ह्यात नारळाची झाडे असंख्य पडली, पानमळे भुईसपाट झाले, विजेचे खांब उन्मळून कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. म्हणजे माणूस वाचविण्याची विद्या साध्य झाली. त्याची उपजीविका वाचविण्याची विद्या अद्याप अर्धीच हाती आली आहे. कोकणाला याचा पुरेपूर अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर ‘निसर्ग’ वादळ आले, त्यात जीवितहानी मोजकीच झाली. पण श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या भागांतील सुपारी व नारळाच्या पिढीजात वाड्या एका दुपारी उजाड झाल्या. सुपारीचे नवे रोप फळास येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यालगतून गेले आणि झाडावरचा हापूस सिंधुदुर्ग व रत्नागिरीत जमिनीवर आला. अरबी समुद्र शांत आणि बंगालचा उपसागर तेवढा खवळणारा, ही पूर्वीची धारणा आता सोडून दिलेली बरी.

खारभूमीचा बांध

वाडीचे नुकसान पूर्णपणे टळत नाही. कमी मात्र करता येते. तयार नारळ व शहाळी सूचना मिळताच उतरवावी, म्हणजे माथ्यावरील भार कमी होतो. आंब्याच्या घराजवळील व विजेच्या तारांजवळील फांद्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी करावी. केळीला टेकू द्यावे. वादळानंतर उन्मळलेले लहान आंबा-काजूचे झाड, मुळे ओली असतानाच, छाटून, उभे करून, मातीची भर देऊन वाचविता येते. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावावी. मोडलेली सुपारी मात्र पुन्हा उभी राहत नाही. म्हणून सुपारीच्या जुन्या वाडीतच दरवर्षी थोडी नवी रोपे लावीत जाणे हाच उपाय, म्हणजे साऱ्या वाडीचे वय एक राहत नाही.

कोकणच्या खाडीकाठी वादळाची खरी झुंज बांधावर होते. रायगड व ठाणे जिल्ह्यांच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या चिकणमातीचे बांध घालून समुद्राकडून भातजमीन मिळविलेली आहे. बाहेरकाठा समुद्र थोपवितो. उघाडीची झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते व ओहोटीला आतील पावसाचे पाणी बाहेर सोडते. पूर्वी या बांधांची निगा शेतकरी समाईक श्रमाने राखीत. १९४८ साली मुंबई प्रांतात खारभूमीविषयक कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला, आणि मोठ्या बांधांचा भार शासकीय योजनांकडे आला. त्यामुळे पक्के काम झाले हे खरे. तथापि खेकड्याचे बीळ दिसताच त्यात चिखलाचा गोळा दाबणारा हातही त्याबरोबर काहीसा सैल पडला. बांधाला खांड पडते ती बहुधा अशाच बिळातून झिरपणाऱ्या पाण्याने. वादळ फक्त तिला वाट करून देते.

खारे पाणी आत आलेच तर काळ पाहून वागावे. जूनमधील वादळामागून कोकणचा मुसळधार पाऊस येतो आणि क्षार धुऊन नेतो. बांध लगेच बांधून, उघाडी मोकळी करून, आतील पाणी दोनतीनदा बदलले म्हणजे त्याच हंगामात लावणी शक्य होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील वादळामागे पाऊस नसतो. मग क्षार जमिनीत मुरतात, उन्हाळ्यात वर येतात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत जमीन पांढरी राहते. अशा जमिनीसाठी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. खारेपाटातील प्रत्येक कुटुंबाने त्यांपैकी एखाद्या जातीचे थोडे बियाणे हवाबंद कोठीत, माळ्यावर, आणि जमल्यास त्यातील अर्धे उंचावरील नातेवाइकाच्या घरी ठेवावे.

बांधाच्या समुद्राकडील बाजूस तिवरांचे रान असेल तर ते तोडू नये. १९९९ च्या वादळानंतर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात, ज्या गावांपुढे तिवरांचा पट्टा रुंद होता त्या गावांत मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले. बांधाची पाहणी मे महिन्यातील अमावास्येच्या वा पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढलेली असताना, आतील बाजूने चालत करावी. जेथे माती ओलसर दिसेल तेथे खूण रोवावी, आणि पाणी उतरताच त्याच ओहोटीत ती जागा खणून, चिकणमाती भरून, धुमसून घ्यावी. उघाडीच्या फळ्या त्याच दिवशी उचलून पाहाव्या. कुजलेली फळी बदलण्यास पहिल्या पावसापर्यंत दोन आठवडे हाताशी असतात.